पुढच्या गुरुवारचा तक्ता

माझं अक्षर चांगलं आहे. छत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं आणि शाळेतला प्रत्येक किचकट कागद शेवटी माझ्याच टेबलावर यायचा. निकालपत्रक असो, हजेरीची बेरीज असो, नाहीतर तपासणीच्या तोंडावर कोणाची अपुरी राहिलेली वही असो, "सरांकडे द्या" हे ठरलेलं. निवृत्त झाल्यावर आमच्या आळीतल्या लोकांचे रेशनकार्डापासून पासपोर्टपर्यंतचे अर्जही मीच भरून देऊ लागलो. त्यात मला सुख होतं, थोडा तोराही होता. म्हणून बायकोच्या आजारपणात इस्पितळाने भरायला तक्ता दिला, तेव्हा तो मी कोणाला न विचारता स्वतःकडे ओढला. पुढे जे केलं त्याची मला लाज वाटते. ते अजून कोणाला सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही.

बायकोच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन मुंबईला झालं. पुढची औषधं रत्नागिरीतच एका इस्पितळात घेता येतील असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. दर गुरुवारी एक, अशी बारा सलाईनं. सकाळी जायचं, दुपारी परत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी बारा गुरुवारांना लाल पेनाने गोल केले. आमच्याकडे त्या रोगाचं नाव कोणी तोंडाने घेत नाही. शेजारीपाजारी कुंपणाशी उभे राहून विचारत, "वहिनींचं कसं काय?" आणि ती आतून म्हणायची, "बरं आहे." कसंही असलं तरी बरं आहे. ती केळशीची, तिच्या माहेरी तर ताप एकशेतीन असला तरी माणूस बरंच असतं.

बहुतेक याचसाठी तो तक्ता निघाला असावा. तिथल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी आम्हाला बाकावर बसवून तो नीट समजावला. म्हणाली, डॉक्टर मॅडमच्या समोर बसल्यावर सगळ्या बायका बरं आहे म्हणतात आणि घरी जाऊन सोसतात. रक्ताचा रिपोर्ट सगळं सांगत नाही. मळमळ, दुखणं, थकवा, झोप, तोंड येणं, हातापायाला मुंग्या आणि बधिरपणा, असे ओळीने प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे शून्य ते दहा. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. आदल्या दिवशी घरी भरून आणायचा. तो बघून मॅडम औषध किती द्यायचं, थांबायचं का, ते ठरवणार. चार आठवड्यांचे चार कागद एकदम मिळाले, त्यातला पहिला सिस्टरने तिथेच भरून घेतला. बाकीचे माझ्या हातात देताना सिस्टर म्हणाली, "सर, लिहा तुम्ही, चालेल. पण आकडा काकूंचा पाहिजे."

मी मान हलवली. मला एवढी साधी गोष्ट सांगायला लागते याचा किंचित रागही आला.

पहिल्या बुधवारी मी कागद घेऊन तिच्याकडे गेलो. ती मागच्या पडवीत बसून कोणाच्या तरी साडीला फॉल लावत होती. साडीच्या खालच्या काठाला आतून कापडाची पट्टी अशी टाचायची, की बाहेरून एकही टाका दिसू नये. हे काम ती लग्नानंतर वर्षभरात शिकली आणि सगळी आळी तिच्याकडेच साड्या आणून द्यायची. चष्मा नसला तरी चालायचं तिला, बोटाच्या टोकाने काठ ओळखायची. मी समोर स्टूल घेऊन बसलो आणि तोंडी परीक्षा घ्यावी तसं विचारलं, मळमळ किती, दहापैकी? ती म्हणाली, होते थोडी. थोडी म्हणजे किती, आकडा सांग. तिने सुई थांबवली, विचार केला आणि म्हणाली, "सहा असेल."

"सहा? अगं, दुपारी चांगला आमटीभात जेवलीस की."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्हीच बघा मग." आणि परत सुई चालू केली. मी चार लिहिलं.

आता त्या चारबद्दल खरं बोलायचं तर मी तिला खोटं पाडायला ते लिहिलं नव्हतं. मला सहा बघवत नव्हता. आकडे मोठे दिसले की सलाईन पुढे ढकलतील, एक गोल हुकला की पुढचे सगळे हुकतील, आणि मध्ये तो रोग परत डोकं वर काढेल, असा माझा हिशेब होता. भीती होती ती. पण मी भीतीने वागतोय हे मला कबूल करायचं नव्हतं, म्हणून मी तिला शिस्त म्हणत होतो. शाळेत तोंडी परीक्षेचे गुण देतानाही पोरगं सहाचं असलं तरी अंदाज घेऊन चार देणारा मीच होतो आणि त्याबद्दल कोणी कधी तक्रार केली नव्हती.

दुसऱ्या बुधवारी मी विचारलं तेव्हा ती प्रत्येक प्रश्नाला "लिहा काहीतरी" म्हणाली. तिसऱ्या बुधवारी मी विचारलंच नाही.

इथे शिक्षकांची एक जुनी खोड सांगितली पाहिजे. उद्या वर्गात काय शिकवणार याचं टिपण रोज एका वहीत लिहायचं असतं, तिला टाचणवही म्हणतात. रोज लिहिणारा शिक्षक मी तरी एखाददुसराच पाहिला. बाकीचे तपासणीचं पत्र आलं की महिन्याचं टाचण एका बैठकीत उतरवतात. त्यातही कसब आहे. एकाच पेनाने लिहिलं तर साहेबाला कळतं, म्हणून दोन-तीन पेनं घ्यायची, मध्येच अक्षर जरा घाईचं काढायचं, एखादी ओळ खोडायची. मी या कामात इतका तरबेज होतो की नव्या शिक्षकांना शिकवायचो. तक्त्याची दुसरी चवड मिळाली, पाचव्या ते आठव्या आठवड्याची, तेव्हा मी एका दुपारी जेवणानंतर बसून चारही कागद भरून टाकले. निळं पेन, काळं पेन, मध्ये एक शाईचं. मळमळ तीन, दोन, तीन, दोन. झोप दोन, मग एक. मुंग्या आणि बधिरपणा एक, एक, शून्य, एक. सगळीकडे सारखाच आकडा आला तर संशय येतो, हे मला ठाऊक होतं. ती तेव्हा आतल्या खोलीत पडून होती, दार उघडंच होतं.

माझ्या तक्त्याचं कौतुक झालं हे सांगायलाही लाज वाटते, पण झालं. सिस्टरने तो दुसऱ्या लोकांना दाखवला, बघा कसा स्वच्छ भरलाय. त्यात पूर्णगडकडचा एक माणूस होता. आखातात पंधरा वर्षं ट्रक चालवून परत आलेला, उंच, दाढी पांढरी. त्याच्या बायकोला आमच्याच वारी, तेच औषध चालू होतं. त्याचा कागद म्हणजे चुरगळलेला, खाडाखोड केलेला, एकदा तर त्यावर चहा सांडलेला. बायको बाकावर बसून त्याला मोठ्याने सांगायची, सात लिवा, नको, आठ लिवा, आणि तो खोडून आठ लिहायचा. एका गुरुवारी मी न राहवून त्याला बाजूला घेतलं आणि समजावलं, की एवढे मोठे आकडे टाकू नका, औषध कमी करतील, उपचार मागे पडतील, बायका घाबरतात, आपण जरा बघून लिहायचं असतं. त्याने माझं सगळं अदबीने ऐकून घेतलं.

"दुखना तिचा हाय, सर," तो म्हणाला. "आकडो मी कसो कमी करू?"

पुढच्या आठवड्यात त्याच्या बायकोचं सलाईन खरंच पुढे ढकललं आणि नंतर औषधही थोडं कमी केलं. घरी येताना मी रिक्षात बायकोला म्हटलं, बघ, मागे पडले ना ते. ती बाहेर बघत होती.

घरात त्या दिवसांत काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, मी त्याला दुसरी नावं देत होतो. तिने हुकांचं पोलकं घालणं सोडलं आणि मॅक्सीवर वावरू लागली, मी म्हटलं उकडत असेल. गोळ्यांचं पाकीट माझ्याकडे आणून द्यायची, काढून द्या म्हणायची, मी म्हटलं अशक्तपणा. कपबशा फुटल्या दोन, एकदा दुधाचं पातेलं हातातून सुटलं आणि मी चिडलोसुद्धा. एक दिवस तिने आळीतल्या चार साड्या फॉल न लावताच परत दिल्या. बायका म्हणाल्या, वहिनी, घाई नाही, बऱ्या व्हा मग करा. मी म्हटलं, बरं झालं, जरा आराम पडेल. तिला आरामाची कधीच आवड नव्हती हे चाळीस वर्षांत मला कळलं होतं, पण त्या दिवशी सोयीचं नव्हतं.

सातव्या गुरुवारी निघायला उशीर झाला. रिक्षावाला दारात हॉर्न वाजवत होता. एरवी मी त्या आठवड्याचा कागद सुटा करून न्यायचो, त्या दिवशी घाईत अख्खी फाईलच उचलली. इस्पितळात बायकोला पलंगावर बसवलं, सिस्टर उजव्या हाताची शीर बघायला आली. डाव्या बाजूचं ऑपरेशन, त्यामुळे सुई उजव्या हातालाच टोचायची. तिने हात उलटा केला आणि थांबली. तर्जनीला आणि मधल्या बोटाला टपोरे फोड होते.

हे काय, काकू? भाजलं, बायको म्हणाली, भाकरी उलटताना तव्याला बोटं टेकली. मग लगेच हात काढला नाही? ती जरा ओशाळून हसली. म्हणाली, कळलंच नाही, वास आला तेव्हा बघितलं.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं मी वर्गात शेकडो वेळा म्हटलं असेल. तिचं जळलं आणि तिलाही कळलं नव्हतं, आणि मला तर फोड आलेत हेसुद्धा सिस्टरने दाखवल्यावर दिसलं. तीन दिवसांचे होते ते.

सिस्टरने माझ्याकडे हात केला, मी फाईल दिली. तिने बधिरपणाची ओळ शोधली. या आठवड्याला शून्य होतं. मग मागचा कागद पाहिला, मग पुढचा. पुढच्या कागदावर तिचं बोट तिथेच राहिलं. तिने तारीख दोनदा वाचली असावी. आवाज न चढवता, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "पुढच्या गुरुवारी काकूंना मळमळ दोन होणार आहे, हे तुम्हाला आजच कसं कळलं, सर?"

छत्तीस वर्षांत मी कितीतरी पोरांना कॉपी करताना पकडलं. पकडलेल्या पोराचं तोंड कसं होतं ते मला पाठ आहे. माझं तेव्हा कसं झालं होतं ते माझ्या बायकोने पाहिलं, आणि ती लगेच म्हणाली, "त्यांना नका बोलू, मीच सांगितलं नाय कधी." मी गप्प राहिलो. एवढं बोलून ती मला वाचवत होती आणि मी तिला वाचवू दिलं. साऱ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. आकडे मी भीतीने लिहिले म्हणता येईल, पण त्या क्षणी गप्प बसलो तो फक्त स्वतःची अब्रू राखायला.

सिस्टरने मला बाहेर बसायला सांगितलं. दार अर्धं उघडं होतं. आत मॅडम आल्या, त्यांनी बायकोला एकेक विचारलं आणि ती सांगत गेली. बटण लागत नाही. सुई धरली आहे की सुटली आहे ते कळत नाही. पायात चप्पल आहे का ते खाली बघून समजतं. रात्री तळपायांची आग होते, मग मी मोरीत पाय ओले करून येते, यांना उठवत नाही. कधीपासून? चौथ्या सलाईनपासून. हे सगळं ती अगदी सहज, कोणी भाजीचा भाव विचारावा आणि सांगावा तसं सांगत होती. मी बाकावर बसून ऐकत होतो. बाजूला पूर्णगडचा माणूस बसला होता. त्यालाही ऐकू येत असणार, त्याने मुद्दाम मोबाईल काढून त्यात डोकं घातलं. त्याच्या त्या चांगुलपणाने मी आणखी खाली गेलो.

त्या दिवशी सलाईन लावलं नाही. दोन आठवडे थांबायचं आणि मग कमी औषध, असं ठरलं. मॅडम मला ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की हे चौथ्या-पाचव्या आठवड्यात कळलं असतं तर तेव्हाच औषध कमी केलं असतं, त्याने उपचार बिघडत नाही. आता बोटांची जाणीव काही परत येईल, काही कदाचित येणार नाही. मी विचारलं, किती? आकडा विचारायची सवय. त्या म्हणाल्या, ते सांगता येत नाही.

 घरी आल्यावर तिने पाय धुतले आणि पडवीत बसली. मी तिच्यासमोर स्टूलावर न बसता खाली पायरीवर बसलो आणि म्हटलं, चुकलं माझं. लग्नानंतर हे वाक्य मी तिला पहिल्यांदा म्हटलं असावं. फार जड गेलं. मला वाटलं ती म्हणेल, असू दे. ती तसं म्हणाली नाही.

"मी सहा म्हटलं तेव्हा तुम्ही चार लिहिलंत," ती म्हणाली. "तुमचं गणित कधी चुकत नाही. मला वाटलं, चारच असेल. मीच उगाच जास्त करतेय."

तिला दुखत असताना आपल्याला दुखतंय की नाही हे तिने माझ्या आकड्यावरून ठरवलं होतं. मी पायरीवर बसून रडलो. तिने मला रडू दिलं, मग म्हणाली, चहा टाका आता, मला गॅसजवळ जायला बंदी आहे.

पुढचं थोडक्यात. दोन आठवड्यांनी कमी औषधाचं सलाईन लागलं आणि एकेक करत बारा पूर्ण झाली. कॅलेंडरवरचे पुढचे सगळे गोल चुकले आणि काही आभाळ कोसळलं नाही. पूर्णगडची बाई बारा सलाईनं संपवून आमच्या आधीच मोकळी झाली होती. आज दोन वर्षांनी बायकोचा रिपोर्ट चांगला आहे. पायांची आग थांबली, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ताळ्यावर आलं. अंगठा आणि पहिली दोन बोटं नाही आली. सुई त्याच तीन बोटांत धरतात. आळीतल्या साड्या आता बाजारातून फॉल लावून येतात, टाके बाहेरून दिसतात.

तक्त्यातला शेवटचा प्रश्न मी इथवर सांगितला नाही. टाळत होतो. तो असा होता: या आठवड्यात घरच्या माणसांचा आधार किती वाटला? या एका प्रश्नाचे आकडे उलटे होते, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे पुरेपूर. मी दर आठवड्याला तिथे दहा लिहिलं होतं. बाकीचे आकडे खालीवर करायचे निदान कष्ट तरी घेतले होते, इथे तेही नाही. स्वतःचा पेपर स्वतःच तपासून पैकीच्या पैकी.

त्या प्रकारानंतरच्या पहिल्या तक्त्याला आम्ही दुपारी पडवीत बसलो. मी प्रश्न वाचायचा, तिने आकडा सांगायचा, मी लिहायचा, मध्ये एक शब्द बोलायचा नाही. बधिरपणा आठ. झोप सहा. मळमळ पाच. प्रत्येक आकड्याला माझ्या तोंडाशी काहीतरी येत होतं आणि मी ते गिळत होतो. शेवटच्या प्रश्नापाशी आलो तेव्हा वाटलं कागद घडी करावा. पण वाचला.

 मी वर बघितलं नाही. मनातून मला अजूनही वाटत होतं की ती दहा म्हणेल, निदान आठ. चाळीस वर्षं शेजाऱ्यांना बरं आहे म्हणणारी बाई, नवऱ्यालाही बरंच म्हणेल.

"तीन," ती म्हणाली. आणि मला समजावून सांगावं तसं पुढे म्हणाली, "आज विचारलंत म्हणून. नाहीतर दोनच होते."

मी तीनचा आकडा काढला. निकालपत्रकात गुण आकड्यात लिहिले की शेजारी अक्षरातही लिहायचे असतात, म्हणजे मागाहून कोणाला ते बदलता येत नाहीत. तक्त्यात त्याला जागा नव्हती. मी समासात लिहिलं, तीन.